महाकालाचं पोतं
जपानी भाग्यदेवतांच्या जुन्या मृण्मूर्ती आणि त्यांच्यामागचा प्रवास

वीतभर उंचीची, तपकिरी मातीची, झिलई नसलेली एक मूर्ती डोळ्यांसमोर आणावी. बुटका, गोलमटोल पुरुष. डोक्यावर चपटी मऊ टोपी, लांब पाळ्यांचे कान, खांद्यावरून पाठीवर टाकलेलं फुगीर पोतं आणि हातात लाकडी हातोडी. पायाखाली तांदळाचे दोन मुडे, कोकणात पेंढ्याने आवळून बांधत तसेच. चेहरा इतका हसरा की गालांच्या वळ्यांत डोळे बुजून गेले आहेत. जपानच्या बिझेन भागातल्या कुंभारांनी एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीचशे वर्षांत, अशा मूर्ती घडवल्या. हा दाइकोकुतेन. त्याचं नाव तीन चिनी अक्षरांत लिहितात : मोठा, काळा, देव. 'महाकाल' या संस्कृत नावाचं हे चिनी भाषांतर आहे. 'काल' म्हणजे समय आणि 'काल' म्हणजे काळा, या दोन अर्थांपैकी भाषांतरकारांनी दुसरा उचलला.

महाकाल म्हटल्यावर आपल्याला उज्जैनचं ज्योतिर्लिंग आठवतं, भस्म आठवतं, स्मशान आठवतं. तांदळाच्या मुड्यावर उभा राहून हसणारा वाणी आठवत नाही. एका उग्र देवाचा असा कायापालट कसा झाला, हा या लेखाचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न आपल्या बाजूचा आहे. जपानी दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण कुबेर, हे कळलं की आपल्याकडे लगेच एक वाक्य उच्चारलं जातं : 'म्हणजे ते आपलेच देव पूजतात!' व्याख्यानांत या वाक्याला हमखास टाळ्या मिळतात. ते कितपत खरं आहे, हे ग्रंथांपेक्षा या मातीच्या मूर्तीच जास्त नीट सांगतात, असं मला वाटतं.

एका जहाजावरचे सात जण

दाइकोकु एकटा नाही. तो 'शिचिफुकुजिन' म्हणजे सात भाग्यदेवांपैकी एक. या सातांची मोट मुरोमाची काळात (१३३६ ते १५७३) बांधली गेली आणि एदो काळात ती घरोघरी पोचली. आकडा सातच का, याचं एक उत्तर बौद्ध परंपरेत सापडतं. राजांनी राज्य कसं राखावं हे सांगणाऱ्या एका सूत्राच्या आधारे सात संकटं नाहीशी होऊन सात प्रकारची भाग्यं उगवतात, अशी कल्पना तिथे रुजली होती.

सातांचं मूळ पाहिलं तर वाटणी अशी दिसते. तिघे भारतातून निघालेले : दाइकोकुतेन, बेन्झाइतेन, बिशामोनतेन. तिघे चीनचे : होतेइ, फुकुरोकुजू आणि जुरोजिन. आणि एकटा एबिसु जपानचा स्वतःचा.

एबिसुच्या हातात गळ असतो आणि काखेत ताइ नावाचा लाल मासा. तो कोळ्यांचा देव, पुढे व्यापाऱ्यांचाही झाला. एका परंपरेनुसार तो म्हणजे इझानागी आणि इझानामी या आदिदांपत्याचं हाडं नसलेलं पहिलं मूल, ज्याला आईबापांनी होडीत घालून समुद्रावर सोडून दिलं. हे टाकलेलं मूल लाटांबरोबर किनाऱ्याला लागलं आणि देव झालं. समुद्रातून वाहून आलेल्या अनोळखी वस्तूलाही कोळी 'एबिसु' म्हणत. म्हणजे सातांतला जो अस्सल देशी, त्याचीही ओळख 'बाहेरून वाहून आलेला' अशीच आहे.

फुकुरोकुजू आणि जुरोजिन ही दोन म्हातारी दैवतं मुळात एकाच ताऱ्याची रूपं. चिनी परंपरेत दीर्घायुष्य देणारा दक्षिणेचा तारा तो हाच. आपण त्यालाच अगस्ती म्हणतो. एकच तारा दोन देव झाल्यामुळे काही याद्यांत त्यांपैकी एकाला वगळून किचिजोतेन म्हणजे लक्ष्मीला जागा दिलेली दिसते. होतेइ हा तर देवही नव्हता. दहाव्या शतकाच्या आरंभी वारलेला, पाठीवर झोळी घेऊन फिरणारा तो एक चिनी भिक्षू. पुढे लोकांनी त्याला मैत्रेयाचा, म्हणजे भावी बुद्धाचा अवतार मानलं.

हे सातही जण धनाने भरलेल्या एका जहाजातून नव्या वर्षाला येतात अशी समजूत आहे. २ जानेवारीच्या रात्री त्या जहाजाचं चित्र उशाखाली ठेवून झोपावं, म्हणजे वर्षातलं पहिलं स्वप्न शुभ पडतं. बौद्ध, ताओ आणि शिंतो अशा तीन परंपरांचे देव एका तराफ्यावर बसवायला कुणा धर्माचार्याची संमती लागली नाही. 'क्योगेन' या विनोदी नाट्यप्रकारात मुरोमाची काळापासून एबिसु आणि दाइकोकु रंगमंचावर येतात, ते शेजारच्या दोन दुकानदारांसारखे.

मुदपाकखान्यातला देव

महाकालाचा कायापालट जपानमध्ये झाला, असं मानायची आपली प्रवृत्ती असते. त्याची सुरुवात मात्र भारतातच झाली होती. इत्सिंग हा चिनी भिक्षू ६७१ मध्ये भारताकडे निघाला, नालंदेत जवळपास दहा वर्षं राहिला आणि ६९५ मध्ये मायदेशी परतला. इथल्या विहारांतल्या रीतिभातींची त्याने बारकाईने नोंद केली. तो सांगतो की मोठ्या विहारांत स्वयंपाकघराच्या खांबाशेजारी किंवा कोठाराच्या दारापुढे लाकडात कोरलेली दोन-तीन फुटांची एक देवमूर्ती असते. हातात सोन्याची थैली, बैठक लहानशा आसनावर, एक पाय खाली सोडलेला. तिला रोज तेलाने पुसत असल्यामुळे ती काळी पडते. तिला महाकाल म्हणतात. जेवणाच्या वेळी तिच्यापुढे धूप आणि अन्न ठेवतात.

त्याच ओघात तो कुशीनगरजवळच्या विहारातली एक गोष्ट सांगतो. नेहमी शंभरेक भिक्षू जेवायचे, तिथे एकदा ऐन दुपारी पाचशे जण अचानक दाराशी आले. मध्यान्ह टळली तर भिक्षूंना जेवता येत नाही, आणि नव्याने रांधायला वेळ नव्हता. तेव्हा तिथल्या एका सेवकाच्या म्हाताऱ्या आईने या काळ्या देवापुढे धूप लावला, नैवेद्य ठेवला आणि आलेल्यांना उपाशी पाठवू नकोस अशी विनवणी केली. नेहमीचंच अन्न सगळ्यांना पुरलं. द्रौपदीच्या थाळीची गोष्ट ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

याच नोंदीत इत्सिंग लिहितो की विहारांच्या देवडीत किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात मुलांसह बसलेल्या हारीतीची प्रतिमा असते आणि तिलाही रोज अन्न वाढतात. याचा दाखला बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीती आणि पांचिक यांचं स्वतंत्र गर्भगृह आहे. वेरूळच्या बौद्ध लेण्यांतही थैली धरलेला, पोट सुटलेला जंभल भेटतो. म्हणजे कोठाराची राखण करणारी, थैली धरणारी, पोटभर खायला घालणारी दैवतं हा भारतीय विहारांचा रोजचा भाग होता. पोतं महाकालाच्या हातात जपानी कुंभाराने दिलेलं नाही. ते इथूनच त्याच्याबरोबर गेलं.

उग्र महाकालही जपानमध्ये पोचला होता. तांत्रिक बौद्ध मंडलांत तो तीन तोंडांचा, सहा हातांचा, मागे हत्तीचं कातडं पसरलेला असा दिसतो. घारापुरीच्या अंधकासुरवधाच्या शिल्पात शिवाच्या हाती असलेलं गजचर्म पाहिलेल्याला त्याचं मूळ सांगायला नको. पण लोकांच्या घरात शिरला तो स्वयंपाकघराचा महाकाल. परंपरा सांगते की तेंदाइ पंथाचे संस्थापक सायचो (७६७ ते ८२२) यांनी हिएइ पर्वतावरच्या मठात त्याला अन्नरक्षक म्हणून आणलं. दाझाइफु इथल्या कान्झेओनजी मंदिरात हेइआन काळातली त्याची लाकडी मूर्ती आहे. ती उभी आहे, खांद्यावर पोतं आहे, पण चेहऱ्यावर हसू नाही.

हसू पुढे आलं, आणि त्याला एका शाब्दिक योगायोगाची मदत झाली. शिंतो पुराणांतला ओकुनिनुशी हा मोठा देव. त्याच्या नावातली 'मोठा देश' ही अक्षरं चिनी उच्चाराने वाचली तर 'दाइकोकु' अशीच वाचली जातात. ओकुनिनुशीच्या गोष्टीतही पोतं आहे : भावांचं सामान पाठीवर वाहणारा धाकटा तो. त्याच्या गोष्टीत उंदीरही आहे. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या 'कोजिकी' ग्रंथात आगीत सापडलेल्या या देवाला उंदीर वाट दाखवतो. दोन पोतीवाले एकमेकांत मिसळून गेले, उंदीर दाइकोकुच्या मुड्यांवर येऊन बसला, आणि हव्या त्या वस्तूचा पाऊस पाडणारी हातोडी त्याच्या हाती आली. घराच्या मुख्य खांबाला जपानी भाषेत आजही 'दाइकोकुबाशिरा' म्हणजे दाइकोकुचा खांब म्हणतात. घर चालवणाऱ्या कर्त्या माणसालाही हाच शब्द वापरतात. इत्सिंगने पाहिलेला स्वयंपाकघरातला खांब इथे सहज आठवतो.

सरस्वतीने घेतलेली लक्ष्मीची जागा

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, असं आपण म्हणतो. जपानमध्ये त्या एकेकाळी शेजारी शेजारी उभ्या होत्या. नारा इथल्या तोदाइजी मंदिरासाठी आठव्या शतकात घडवलेल्या दोन मूर्ती आजही शिल्लक आहेत : किचिजोतेन आणि बेन्झाइतेन. दोन्ही न भाजलेल्या मातीच्या. यांतल्या सरस्वतीला आठ हात आहेत, आणि ते वीणेसाठी नव्हेत, शस्त्रांसाठी. 'सुवर्णप्रभास' सूत्रात राष्ट्राचं रक्षण करणारी देवी म्हणून तिचं जे वर्णन आहे, त्याबरहुकूम ही मूर्ती आहे. त्या सूत्राचं ७०३ मधलं चिनी भाषांतर आपल्या याच इत्सिंगचं.

त्या काळी धनधान्याची देवी किचिजोतेनच होती. तिच्या नावाने दरवर्षी मोठे विधी होत. पण शतकं गेली तशी सरस्वती पुढे आली. नदीची देवता म्हणून तिची ठाणी पाण्याकाठी, बेटांवर उभी राहिली : बिवा सरोवरातलं चिकुबुशिमा, कामाकुराजवळचं एनोशिमा, अंतर्गत समुद्रातलं इत्सुकुशिमा. हातात 'बिवा' हे तंतुवाद्य आलं. पाण्याबरोबर नाग आला, नागाबरोबर पीक आणि संपत्ती आली. शेवटी तिच्या नावातलं अक्षरही बदललं. 'बेन्झाइ'मधल्या 'झाइ'चं मूळ अक्षर 'प्रतिभा' या अर्थाचं होतं. त्याच उच्चाराचं, पण 'धन' या अर्थाचं दुसरं अक्षर तिथे येऊन बसलं. सरस्वतीने लक्ष्मीचं खातं स्वतःकडे घेतलं. सातांच्या जहाजावर एकुलती स्त्री म्हणून बसली ती बेन्झाइतेन, आणि किचिजोतेनला कधीमधी कुणाच्या बदली जागा मिळू लागली.

बिशामोनतेनचा प्रवास उलट्या दिशेने झाला. कुबेर आपल्याकडे ढेरपोट्या धनपती. आपण लक्ष्मीपूजनाला त्याची आठवण काढतो ती तिजोरीच्या संदर्भात. जपानमध्ये तो चिलखत घालून, हातात भाला आणि छोटा स्तूप घेऊन उत्तर दिशेचा रक्षक म्हणून उभा राहिला. सोळाव्या शतकातला सरदार उएसुगी केनशिन आपल्या निशाणावर त्याच्या नावाचं आद्याक्षर मिरवत असे. धनाची थैली दाइकोकुकडे आणि ढेरी होतेइकडे गेली, कुबेराच्या वाट्याला शस्त्र आलं.

माती, साचा, भट्टी

हे सगळं मठांत आणि ग्रंथांत राहिलं असतं, तर विद्वानांपुरतं राहिलं असतं. ते सामान्यांच्या फळीवर आणलं कुंभारांनी.

क्योतोजवळ फुशिमी इथे इनारी देवस्थानाच्या वाटेवर मातीच्या बाहुल्या करण्याचा धंदा एदो काळात भरभराटीला आला. पुढचा आणि मागचा असे दोन साचे, त्यांत दाबून बसवलेली माती, मग दोन अर्धी मऊ मातीने जोडायची, मंद आचेवर भाजायची, शिंपल्याच्या भुकटीचा पांढरा हात द्यायचा आणि वर रंग. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना कुशीवरून जाणारी ती जोडाची रेघ ओळखीची वाटेल. यात्रेकरू या बाहुल्या गावोगाव घेऊन गेले. तिथल्या कुंभारांनी त्या बाहुलीवरूनच नवा साचा काढला. माती वाळताना आणि भाजताना आकसते, त्यामुळे अशी नक्कल मूळ मूर्तीपेक्षा साधारण दहाव्या हिश्शाने लहान होते. नकलेची नक्कल आणखी लहान.

फुशिमीच्या होतेइची एक रीत विशेष सांगण्याजोगी आहे. फेब्रुवारीतल्या इनारीच्या उत्सवाला दरवर्षी एक होतेइ विकत घ्यायचा, पहिल्या वर्षी सर्वांत लहान, पुढच्या वर्षी त्याहून थोडा मोठा, आणि चुलीवरच्या फळीवर ओळीने मांडायचा. सात वर्षांत सात झाले की ओळ पुरी. मधल्या काळात घरात मृत्यू झाला, तर असतील तेवढे सगळे टाकून द्यायचे आणि पुन्हा लहानापासून सुरुवात करायची. म्हणून एखाद्या घरातली पुरी ओळ म्हणजे त्या घरात सलग सात वर्षं कुणी गेलं नाही याची मातीतली नोंद. बालमृत्यू आणि साथी नित्याच्या होत्या त्या काळात ही ओळ पुरी होणं किती घरांना साधलं असेल? 'भाग्य' या शब्दाचा अर्थ तिथे धनापुरता नव्हता, हे या सात होतेइंवरून समजतं.

बिझेनची गोष्ट वेगळी. आजच्या ओकायामा प्रांतातल्या इंबे गावची माती लोहयुक्त. तिच्यावर झिलई चढवत नाहीत. पाइनची लाकडं जाळून दिवसचे दिवस, कधी दोन आठवडेही भट्टी चालते. उडालेली राख आणि ज्वाळेची झळ हाच तिचा रंग. हे काम दणकट, म्हणून इथले दाइकोकु, एबिसु, होतेइ दोनशे वर्षांनंतरही धडधाकट सापडतात. ओकायामाच्या इकेदा घराण्याच्या आश्रयाने इथे पांढऱ्या आणि रंगीत बिझेनच्या मूर्तीही झाल्या.

जुन्या मूर्तींत दाइकोकु, एबिसु आणि होतेइ वारंवार दिसतात. व्यापाऱ्यांच्या घरी पहिल्या दोघांची जोडी बसवायची पद्धत होती, हे एक कारण. दुसरं कारण कुंभारकामातलं आहे. पोतं, ढेरी, मुडा हे सगळे बंद, गोल आकार. साच्यातून सुखरूप निघतात आणि भट्टीत तडकत नाहीत. बिशामोनतेनचा भाला आणि बेन्झाइतेनच्या वाद्याची मान मातीत टिकवणं अवघड. जे दैवत मातीला मानवलं, ते घरोघरी जास्त गेलं.

सरकारचा आदेश आणि फळीवरचे देव

१८६८ मध्ये मेइजी सरकारने शिंतो दैवतं आणि बौद्ध दैवतं वेगळी करण्याचा आदेश काढला. हजार वर्षं एकत्र नांदलेल्यांची वाटणी सुरू झाली. अनेक ठिकाणी बौद्ध मूर्ती फोडल्या, जाळल्या, विकल्या गेल्या. बेन्झाइतेन बौद्ध मानली जात असल्यामुळे एनोशिमासारख्या ठिकाणी तिच्या ठाण्यावर शिंतो समुद्रदेवतांची नावं चढली. कागदोपत्री सरस्वती तिथून उठली.

पण स्वयंपाकघरातल्या फळीची झडती कोण घेणार? महाकाल आणि ओकुनिनुशी यांचा मिळून झालेला दाइकोकु नेमका कुणाच्या खात्यात घालायचा, हे ठरवणार कोण? सात देवांचं जहाज जसंच्या तसं चालत राहिलं. इतकंच नव्हे, १८८५ मध्ये बँक ऑफ जपानने काढलेल्या पहिल्या नोटांवर खुद्द दाइकोकुच अवतरला. कागद मजबूत व्हावा म्हणून त्यात कोन्याकु या कंदाचं पीठ मिसळलं होतं. झालं भलतंच : उंदरांनी त्या नोटा कुरतडल्या. दाइकोकुच्या वाहनाने दाइकोकुचं धन खाल्लं. त्या मालिकेतली एक येनची नोट कायद्याने आजही चलनात आहे.

बूड पाहावं

मेइजी काळात या मूर्तींना नवं गिऱ्हाईक मिळालं. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जपानने मोठा भाग घेतला. तिथे गेलेल्या कारागिरांनी प्लास्टरच्या साच्यांचं तंत्र मायदेशी आणलं. कुतानी आणि सात्सुमा शैलीचे, लाल-सोनेरी वेलबुट्टीने मढवलेले देव बोटी भरभरून युरोप-अमेरिकेत जाऊ लागले. चुलीवरच्या फळीवरून ते परक्यांच्या दिवाणखान्यातल्या कपाटात गेले.

म्हणून जुनी मूर्ती हाती आली की आधी तिचं बूड पाहावं. पोकळ मूर्तीला तिथे भोक हवंच, नाहीतर भट्टीत आतली वाफ आणि हवा तिला फोडते. मग शिक्के. अमेरिकेच्या १८९० च्या आयातकायद्याने मालावर उत्पादक देशाचं नाव सक्तीचं झालं, तेव्हा रोमन लिपीत 'निप्पोन' आलं. १९२१ मध्ये अमेरिकी कस्टम्सने हा शब्द नाकारला, तेव्हापासून 'जपान'. दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारण १९४७ ते १९५२, काही मालावर 'व्याप्त जपान' असा शिक्का पडला. भाग्याचा देव, आणि त्याच्या तळव्यावर पराभवाची मोहोर. असा शिक्का नसलेली मूर्ती जुनीच असते असं मात्र नाही. देशातल्या गिऱ्हाइकासाठी केलेल्या मालावर तो लागतच नसे.

जपानी मातीकाम प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटा बंधूंचा अतिपूर्वेकडचा संग्रह आणि हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आपल्या आवाक्यातले आहेत.

मग हे देव कुणाचे?

'ते आपलेच देव' या वाक्याकडे आता परत येऊ. तिघांची नावं इथून गेली, हे खरं. थैली इथून गेली, स्वयंपाकघरातली जागा इथून गेली. पण हातोडी, उंदीर, मुडे आणि ते हसू तिथलं आहे. शस्त्रधारी सरस्वती इथल्या सूत्रातून गेली, धनदेवी मात्र तिथे झाली. चिनी भाषांतरकार, हिएइ पर्वतावरचे भिक्षू, ओसाकाचे व्यापारी, फुशिमीचे कुंभार या सगळ्यांचा हात लागल्यावर जे तयार झालं, त्यावर एकट्याने मालकी सांगायची, तर मधल्या हजार वर्षांतल्या माणसांची मेहनत पुसावी लागते. १८६८ च्या आदेशाने नेमकं हेच करू पाहिलं होतं : प्रत्येक देवाला एकच मूळ, एकच मालक. आपलं अभिमानाचं वाक्यही नकळत त्याच वाटेने जातं.

आणि देवाणघेवाण एकतर्फी राहिलेलीही नाही. आज मराठी घरांत टीव्हीशेजारी, दुकानाच्या गल्ल्यावर, मोटारीच्या काचेमागे एक ढेरपोट्या, झोळीवाला, खदखदून हसणारा पुरुष बसलेला असतो. त्याला आपण 'लाफिंग बुद्धा' म्हणतो. तो गौतम बुद्ध नव्हे. तो दहाव्या शतकातला चिनी भिक्षू, जपानचा होतेइ. त्याच्या पोटावरून हात फिरवताना तो कुठला, कुठल्या पंथाचा, हे आपण विचारत नाही. फुशिमीच्या बाजारात सर्वांत लहान होतेइ विकत घेणाऱ्या बाईनेही ते विचारलं नव्हतं. वर्षभर चूल पेटती राहावी आणि पुढच्या वर्षी त्याहून थोडा मोठा होतेइ घ्यायची वेळ यावी, एवढंच तिचं मागणं होतं.